लाल बल्बाखालचा ग्रह

गोमाजीबुवांच्या नाकाचा शेंडा बाराही महिने गार असतो. वैशाखात आमच्या कुडपणच्या पठारावरचा कातळ हात लावू देत नाही, तेव्हासुद्धा. हे ऐकीव नाही. आमच्या दोन घरांमध्ये एक कुंपण आहे आणि त्या कुंपणात मी स्वतः पाडलेली एक वाट आहे, त्यामुळे बुवांच्या घरी काय शिजलं, काय करपलं आणि कोण कुणावर रुसलं हे मला घरच्यांच्या आधी कळतं. नाकाचं मला चंद्रावहिनींनी सांगितलं. चंद्रावहिनी म्हणजे बुवांचं कुटुंब. नवऱ्याच्या नाकाची एवढी खबरबात तुम्हाला कशी हो, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी हातातला झाडू ज्या पद्धतीने धरला ते पाहून मी आलो त्या वाटेने परत गेलो.

नाक गार असण्याचं कारण मुंबईत आहे. बुवांची सगळी नोकरी बंदराजवळच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये गेली. मासळीचे खोके आत रचायचे, बाहेर काढायचे. आत उणे वीस. बुवा सांगतात, पहिल्या श्वासाला नाकातले केस काटक्यांसारखे कडक होतात. मिशीवर दव गोठतं. लोखंडाला उघडा हात लावला तर हात सुटतो, पण कातडी लोखंडाकडे राहते. दोन पापलेटं एकमेकांवर आपटली की फळ्यांसारखी वाजतात. बुवांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांच्या टोकांना अजून काही कळत नाही. चहा गरम आहे की निवला, हे त्यांना उजव्या हाताला विचारावं लागतं. आणि आतलं धुकं असं की दिवे असून नसल्यासारखे. दार कुठे आहे ते फक्त दारावरच्या एका लाल बल्बावरून कळायचं. तो बल्ब दिसला की समजायचं, आपण अजून जगात आहोत.

निवृत्त होऊन गावी आल्यावर बुवांनी पहिलं काम काय केलं असेल, तर पडवीच्या दारावर एक लाल बल्ब लावला. वाडीत चर्चा झाली. कुणी म्हणालं नवस असेल. मी म्हटलं, "बुवा, दवाखाना काढलात की काय?" बुवा म्हणाले, "शेजाऱ्या, तुला नाय कळायचं. दिवा बघून घरात शिरायची सवय लागली." चंद्रावहिनी आतून म्हणाल्या, "आनि मी दारात उभी असते ती दिसत नाय काय?"

पण बुवांना 'बुवा' केलं तेही त्याच कोल्ड स्टोरेजने. आत अंग गरम ठेवायचं तर पाय आपटत राहावं लागतं. आता आमच्या डोंगरातल्या पोराला पाय आपट म्हटलं की तो आपोआप गोलात फिरायला लागतो. आमच्याकडे गौरीगणपतीत जाखडी नाचतात. एका पायात घुंगरांचा चाळ बांधून पोरं गोल धरतात, मधोमध ढोलकी, झांज आणि गाणारे बुवा. त्या फ्रीजरमध्ये पोलादपूरकडची बरीच पोरं कामाला होती. खोके रचता रचता ती जाखडीच्या पावलांवर नाचायची आणि गोमाजी नावाचा एक पोरगा, तोंडातून वाफ सोडत, त्यांना गाणी रचून द्यायचा. कागद-पेन आत चालत नाही, शाई गोठते. त्यामुळे सगळं डोक्यात. अजूनही बुवांचं एकही गाणं कुठे लिहिलेलं नाही.

जाखडीत दोन पक्ष असतात, शक्तीवाले आणि तुरेवाले. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच जवाब द्यायचा, आणि जवाबाला पुराणातला दाखला हवा. समोरच्याला जमलं नाही तर सवाल टाकणाऱ्याने स्वतः तो सोडवायचा. इथपर्यंत सगळीकडे सारखं. आमच्या खोऱ्यात मात्र जुन्या माणसांनी एक जास्तीचं कलम घालून ठेवलंय: ज्याने सवाल टाकला त्यालाच जर तो सोडवता आला नाही, तर त्याचा तुरा फेट्यावरून उतरवून समोरच्याला द्यायचा. तुऱ्याबरोबर सवालही जातो. तो सुटत नाही तोवर तुरा परत नाही. हा नियम कुठल्या भांडणानंतर झाला देव जाणे, पण माझ्या हयातीत तो कधी लागू झाला नव्हता. स्वतःला उत्तर ठाऊक नसलेला सवाल भर सभेत टाकेल इतका येडा शाहीर पैदाच झाला नव्हता.

बुवांच्या फेट्यावरचा तुरा म्हणजे जरीचा एक जुना गोंडा. जर काळवंडलीय, दोन मणी गळलेत. पण तो कोंडाजी वस्तादांचा. कोंडाजी वस्ताद म्हणजे बुवांचे गुरू. घाटाखालच्या एका वाडीत राहायचे. त्यांनी तो गोमाजीच्या डोक्यावर बांधला तेव्हा एकच अट घातली होती. "दाखला ठावं नसंल तर ठावं नाय म्हन. खोटा दाखला दिलास त्या दिशी हा तुझा नाय." पुढे दोन हजार पाच सालच्या जुलैमध्ये, ज्या पावसात आमच्या तालुक्यांत दरडी आल्या, त्यात वस्तादांचं घर गेलं आणि घरासकट वस्ताद गेले. बुवा तेव्हा मुंबईत होते. रस्ते बंद, फोन बंद. मिळेल त्या गाडीने, राहिलेलं चालत ते पोचले तेव्हा तिथे अंगण कुठलं आणि शेत कुठलं हे सांगणारा माणूस नव्हता. हे बुवा कधी बोलत नाहीत. मला चंद्रावहिनींनी सांगितलं, आणि त्या वेळी त्यांच्या हातात झाडू नव्हता.

आता प्रतिपक्षाकडे येऊ. शक्तीवाल्यांचा शाहीर रावजी. कशेडीच्या जुन्या घाटात त्याचं चहाभज्याचं हॉटेल आहे. आवाज खणखणीत, पोट त्याहून खणखणीत, आणि जिभेला हाड नाही. बुवांपेक्षा वीस वर्षांनी लहान, तरी सभेत त्यांना सोडत नाही. गेल्या गणपतीत बुवांनी एकामागून एक सवाल टाकले आणि रावजीने सगळे धडाधड सोडवले. नंतर कळलं, झांजवाल्याच्या मागे त्याचा भाचा मोबाईल घेऊन बसला होता. बुवांनी कडवं संपवेपर्यंत उत्तर आलेलं असायचं. वर रावजी म्हणाला, "बुवा बर्फात राहून राहून गार पडले, त्यांना जरा शेकोटीजवळ बसवा रे!" सभा हसली. मीही हसलो, कारण चांगलं होतं. पण बुवांच्या पक्षातली मुंबईची पोरं हिरमुसली आणि जाताना सांगून गेली, "बुवा, पुढल्या वर्षी असंच झालं तर आपण डीजे लावू."

वर्षभर बुवा एकच घोकत होते: मोबाईलला ठाऊक नाही असं काय आहे?

त्याचं उत्तर श्रावणात माझ्या घरी चालत आलं. माझी भाची अनुपमा महाडच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. दोन दिवसांसाठी म्हणून आली आणि रस्त्यावर माती आल्यामुळे पाच दिवस अडकली. बुवा चहाला आले. चहा संपायच्या आत त्यांनी आपलं दुखणं तिच्यासमोर मांडलं.

"बाय, मोबाईलला ठावं नाय असं काय हाय काय गो?"

अनुपमा हसली. "पुष्कळ आहे, बुवा. मोबाईलला तेवढंच ठाऊक असतं जेवढं माणसांना ठाऊक आहे."

"मंग मानसांनाबी ठावं नाय असं सांग."

अनुपमा शिक्षिका. तिला असा विद्यार्थी कधी मिळाला नसावा. तिने एका ग्रहाची गोष्ट सांगायला घेतली. हा ग्रह आपल्या सूर्याभोवतीचा नाही. वृश्चिक राशीच्या बाजूला, आकाशगंगेच्या मध्याकडे, वीस हजारांहून जास्त प्रकाशवर्षं दूर. म्हणजे तिथला उजेड निघाला तेव्हा इथे शेतीसुद्धा सुरू झाली नव्हती. त्याचा सूर्य बुटका आणि तांबडा, आपल्या सूर्याच्या जेमतेम पाचव्या हिश्शाचा. ग्रहाचं वजन साधारण साडेपाच पृथ्व्यांएवढं. सूर्याभोवती एक फेरी मारायला सुमारे दहा वर्षं. आणि थंडी उणे दोनशे वीसच्या आसपास.

"किती?" बुवांनी कप खाली ठेवला.

"उणे दोनशे वीस. आपण श्वास घेतो ती हवासुद्धा तिथे गोठून खाली पडेल."

बुवांनी डाव्या हाताची ती दोन बोटं उजव्या मुठीत धरली. इतका वेळ ते सवाल शोधत होते. आता ते नोकरीवर गेले होते. "त्याचा सूर्य लाल म्हनलीस ना?" त्यांनी विचारलं. "म्हंजे आमच्या दारावरच्या बल्बासारका. उजेड नाय देत, फक्त दार कुठं हाय ते सांगतो."

अनुपमाने मान डोलावली. तिच्या पुस्तकात ते असं लिहिलेलं नसणार.

मग बुवांनी विचारलं की एवढ्या लांबचा अंधारातला दगड दिसला कसा. अनुपमाने त्यांचा चष्मा मागितला. आमच्या छपरात एक काचेचं कौल आहे, आणि श्रावणातलं ऊन नेमकं त्या वेळी आलं होतं. जमिनीवर पडलेल्या उन्हाच्या चौकोनावरून तिने चष्म्याचं भिंग हळूहळू सरकवलं. ऊन एकाजागी गोळा झालं, लख्ख झालं, पुन्हा पसरलं. "एक तारा दुसऱ्या ताऱ्याच्या समोरून गेला की असंच होतं," ती म्हणाली. "पुढच्याच्या ओढीने मागच्याचा उजेड वाकतो, काही आठवडे तो जास्त झळकतो. उजेड असा उतरत असताना एक दिवस मध्येच एक बारीकशी झळक आली. तो हा ग्रह. तारा आपल्या भिंगाचं काम करत होता आणि ग्रह त्या भिंगावरचा चरा."

"परत कदी दिसंल?"

"तसा नाही दिसणार. त्या दोन ताऱ्यांची तशी गाठ पुन्हा पडायची नाही."

"येकच दिस दिसला?"

"एकच दिवस. दोन हजार पाचच्या ऑगस्टमध्ये."

बाहेर पुन्हा पाऊस सुरू झाला आणि उन्हाचा चौकोन विझला. मग बुवा म्हणाले, "त्या सालच्या त्या म्हैन्यात आपुन सगळी खाली माती उकरीत व्हतो. आनि कोनतरी वर बघत व्हता."

मी उठून पुन्हा चहाचं आधण ठेवलं.

जाता जाता बुवांनी तिला आणखी एक गोष्ट विचारली. साडेपाच पृथ्व्यांचं वजन हे नक्की का? अनुपमा म्हणाली, नाही, अंदाज आहे. निम्मं असू शकेल, दुप्पटही असू शकेल. तो केवढा आहे तेही ठाऊक नाही. दगड आणि बर्फ असावा असं वाटतं, एवढंच.

"मंग ही शास्त्रज्ञ मंडळी भर सभेत 'अंदाज हाय' म्हनतात?"

"म्हणतात की. म्हणावंच लागतं."

"आनि त्यांचा तुरा कोन काडून घेत नाय?"

अनुपमाला काही कळलं नाही. बुवा मात्र खूश होऊन कुंपणाच्या वाटेने घरी गेले.

त्यानंतर त्यांच्या पडवीत रोज दुपारी ग्रह फिरायला लागला. मी तिकडे तंबाखू मागायच्या निमित्ताने जायचो आणि ग्रहावरच्या बातम्या घेऊन यायचो. बुवांना तो दिसायचा, अगदी आपल्या वाडीसारखा. तिथली जमीन पांढरी, पण आपल्या दह्यासारखी पांढरी नाही. लाल उजेडात ती कोकमाचं पाणी सांडल्यासारखी. पाय टाकला की भुसभुशीत, कारण हवाच पडलेली असते, भाताच्या कोंड्यासारखी. आवाज नाही, कारण आवाज वाहून न्यायला वारा शिल्लक नाही. "आमच्या फ्रीजरात निदान मशीन तरी घुंघुं करायची," बुवा म्हणायचे. पण प्रत्येक वाक्यानंतर ते थांबून सांगायचे, "हे मात्र माझं मन सांगतं हां. दोनशे वीस अनुपमाबायचं, कोंडा माझा."

चंद्रावहिनी भाजी निवडता निवडता यात भाग घ्यायच्या.

"तितं कपडे वाळतात काय?"

"वाळतात ना. काचंसारके होतात आनि फुटतात."

"मंग इथलंच बरं. इथं नुस्ते कुबट वास मारतात."

एकदा मी हिशेब लावला की तिथलं एक वर्ष आपल्या दहा वर्षांचं, तर तुमच्या लग्नाला तिथे जेमतेम चार वर्षं झाली. वहिनींनी पदर सारखा केला. "म्हंजे मी अजून नवी नवरी," त्या म्हणाल्या. "अवो, आनि तुमी मला कुळथाचं पिठलं खायाला घालता?" बुवा म्हणाले, "तितं गणपती धा वर्सांनी येकदा येतो. तवा मोदक करू." मी म्हटलं, निदान मुंबईकरांना सुट्टी तरी मिळेल.

गाणं तयार झालं. त्यातलं एक कडवं त्यांनी मला आधी ऐकवलं:

विंचवाच्या नांगीपाशी, गगनाच्या लांब कोनी
लाल दिव्याच्या उजेडी, फिरं एकली अवनी
तागडीत टाका तिला, साडेपाच या धरणी
वारा गोठून पडला, तिच्या दारी नि अंगणी

आणि शेवटी सवाल:

एक दिस दिसली नि, दारामागं गुप झाली
सांग रावजी शाहीरा, चूल कुणी पेटवली?

म्हणजे तिथे कुणी राहतं का, आणि कोण. मला अंगावर काटा आला. मग दुसऱ्याच क्षणी माझ्या डोक्यात आलं ते मी बोललो. "बुवा, याचं उत्तर काय?"

बुवांचा ताल धरलेला पाय वरच्या वर थांबला.

मोबाईलला ठाऊक नसलेला सवाल शोधता शोधता त्यांनी असा सवाल बांधला होता, जो त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हता. रावजीला अडवायला खणलेल्या चरात बुवा स्वतः उभे होते, आणि डोक्यावर वस्तादांचा तुरा.

"दुसरा सवाल घ्या," मी म्हटलं.

"दुसरा नाय. गानं हेच."

"मग उत्तर रचा. यमाची धाकटी बहीण तिथे राहते म्हणा. थंडीची देवी. मी श्लोक करून देतो, दोन ओळी संस्कृतासारख्या. कोण बघायला जातंय?"

खरं सांगतो, श्लोक झकास जमला होता. पण बुवांनी तो ऐकूनसुद्धा घेतला नाही. चंद्रावहिनी आतून म्हणाल्या, "तुरा घालवून या, मंग बगा. वस्तादांच्या फोटोला काय तोंड दाखवनार हाव?" बुवा म्हणाले, "खोटं सांगून ठेवला, तर फोटोला काय दाखवू?" वहिनींनी यावर भांडं जोरात आपटलं. आमच्याकडे याचा अर्थ पटलं असा होतो.

सामना गौरीविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ठरला. दुपारी, कारण संध्याकाळी मुंबईच्या गाड्या सुटायच्या होत्या. देवळाच्या सभामंडपात माणूस मावत नव्हता. पंच म्हणून राहीबाई बसल्या होत्या, माजी सरपंच, तोंडात पान, मांडीवर पिशवी. त्यांच्यासमोर खोटं बोलायला ग्रामसेवकसुद्धा कचरायचा.

रावजी तुकतुकीत फेटा बांधून आला. त्याचे सवाल पुराणातले, नेहमीचे. बुवांनी ते मोबाईलशिवाय सोडवले आणि आमच्या पोरांच्या पायात जरा जोर आला. मग बुवांची पाळी. ढोलकी घुमली, पोरांनी गोल धरला, आणि बुवांनी ग्रह आभाळात टांगला.

मी कितीतरी सभा पाहिल्यात. लहान पोरं रडतात, म्हातारे खोकतात, मागे कुणीतरी कुणाच्या तरी जमिनीवरून बोलत असतं. त्या दुपारी "वारा गोठून पडला" या ओळीला सभामंडपात काही हाललं नाही. भादव्याच्या त्या दमट उकाड्यात लोकांनी पदर आणि उपरणी अंगाभोवती ओढून घेतली. सवाल संपला तेव्हा झांजवाला झांज मारायची विसरला.

रावजीचा भाचा मोबाईल घेऊन देवळामागच्या दगडावर चढला, कारण त्या गर्दीत रेंज फक्त तिथे येत होती. तो पळत आला, रावजीच्या कानाला लागला. रावजीने ग्रहाचं वजन सांगितलं, वर्ष सांगितलं, थंडी सांगितली. सगळं बरोबर.

"चूल?" राहीबाईंनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं.

रावजी हुशार आहे, उगाच नाही म्हणत. त्याने जागच्या जागी रचलं की जिथे वाराच गोठतो तिथे चूल पेटेल कशी, त्या घरात कुणी नाही. शक्तीवाल्यांनी टाळ्या पिटल्या. मलाही वाटलं, गेला सामना.

"कुनी नाय म्हन्तोस," राहीबाई म्हणाल्या, "बगून आलायस?"

"नाय."

"दाखला?"

रावजीने भाच्याकडे बघितलं. भाच्याने मोबाईलकडे बघितलं. मोबाईलने कुणाकडेच बघितलं नाही.

"मंग जवाब नाय झाला. बुवा, सवाल तुमचा. तुमी सोडवा."

आता सभेला वाटलं बुवा जिंकले. आमची पोरं उड्या मारायला लागली. चंद्रावहिनी बायकांत बसल्या होत्या, त्यांनी डोळे मिटून घेतले. मी बुवांच्या अगदी जवळ होतो, टाळ वाजवत. म्हटलं शेवटचा प्रयत्न करू. हळूच म्हणालो, "यमाची बहीण!" बुवांनी डावा हात माझ्या टाळांवर ठेवून ते बंद केले. त्या दोन बोटांना टाळ लागले की नाही कुणास ठाऊक. मग त्यांनी राहीबाईंकडे तोंड करून, ढोलकीशिवाय, म्हटलं:

वस्तादाची आण मला, खोटा दाखला ना देई
चूल तिथली पाह्याला, कुणी गेलं नाय बाई

रावजीचं तोंड उघडं राहिलं. त्याला सामना जिंकल्याचं कळायलाच वेळ लागला.

"ठावं नाय म्हन्ता?" राहीबाईंनी पुन्हा विचारलं. त्यांच्या आवाजात मला वाटतं थोडी विनंती होती.

"मला ठावं नाय. कुनालाच ठावं नाय. अनुपमाबायनं सांगितलं ते सगळं खरं, आनि त्याच्यापुढचं माझं मन. मनाला दाखला नसतो."

"मंग रीत ती रीत. तुरा उतरवा, बुवा."

बुवांनी फेट्यावरचा गोंडा स्वतः सोडला. सदऱ्याच्या टोकाने पुसला. दोन्ही हातांवर ठेवून रावजीपुढे धरला. "घे. आनि सवालबी घे. आता तो तुझा."

रावजीने तो घेताना मान खाली घातली होती. मला वाटलं आता सभा पांगेल. तेवढ्यात आमच्या एका मुंबईकर पोराने, ज्याला डीजे आणायचा होता त्यानेच, चाळ बांधलेला पाय आपटला आणि ओरडला, "बुवा, कडवं परत!" ढोलकी सुरू झाली. गोल धरला गेला. दुसऱ्या कडव्याला शक्तीवाल्यांची पोरं आत शिरली, कारण चाल अशी होती की पाय थांबेना. बुवा मधोमध, डोक्यावर नुसता फेटा, गात होते. ड्रायव्हर हॉर्न मारून थकला. त्या दिवशी मुंबईच्या गाड्या अंधार पडल्यावर सुटल्या.

गोष्ट इथे संपली असती तर मी बुवांचं कौतुक करून गप्प बसलो असतो. पण जुन्या माणसांनी घातलेल्या त्या कलमाची खरी गंमत दिवाळीनंतर कळली.

एका सकाळी रावजी जीपमधून उतरला तो थेट बुवांच्या पडवीत. हातात बिस्किटांचा डबा. मी तंबाखू मागायला अर्थातच तिथे पोचलो. डब्यात तुरा.

"बुवा, हा घ्या तुमचा तुरा," रावजी म्हणाला. "माजं हाटेल बंद पडंल. हौसेनं गल्ल्यावर टांगला. येनारा जानारा विचारतो, ह्ये काय? सांगावं लागतं. सांगितलं की विचारतो, मंग चूल कुनी पेटवली? येक ट्रकवाला सरदारजी तर परतीच्या वाटेवं मुद्दाम थांबला. म्हनतो, पता चला क्या? भजी खायाची सोडून लोकं मला त्या गिरहाचं विचारतात. बायको विचारते. काल झोपंत मीच सवताला विचारलं."

बुवांनी डबा उघडून तुऱ्यावरून हात फिरवला, उजवा हात, आणि झाकण लावून डबा परत दिला. "सवाल सुटला काय?"

"कसा सुटंल?"

"मंग परत घेता येत नाय, रावजी. रीत हाय."

"आवो, हा सवाल आपल्या नातवांच्या हयातीतबी सुटनार नाय!"

"तवर सांबाळ. वस्तादांचा हाय, जपून."

रावजी पायरीवर बसला. चंद्रावहिनींनी चहा दिला. बराच वेळ तो पडवीच्या दारावरच्या बल्बाकडे बघत होता. मग त्याने विचारलं, "बुवा, ती जमीन कशी असंल वो? म्हंजे तुमचं मन काय म्हनतं?" आणि बुवांनी त्याला कोंड्यासारख्या पडलेल्या हवेपासून सगळं सांगायला घेतलं, पाय आपटून ताल धरत, प्रत्येक वाक्यानंतर आपलं मन कुठे सुरू झालं ते बजावत. जीपवाला दोनदा हाक मारून निघून गेला. रावजी जेवूनच गेला. पिठलंच होतं.

पुढचा गणपती अजून लांब आहे. आमच्या पोरांनी डीजेचं नाव काढलेलं नाही. फोनवरून बुवांना विचारतात, ग्रहाचं नवं कडवं झालं का. बुवांचा फेटा मोकळाच आहे आणि तो त्यांना जास्त शोभतो, हे मी त्यांना कधीच सांगणार नाही.

परवा खेडला जाताना मुद्दाम कशेडीचा नवा बोगदा सोडून जुन्या घाटाने गेलो. रावजीच्या हॉटेलच्या दारावर एक लाल बल्ब लागलाय. खाली तुरा. दोन ट्रकवाले बाकावर बसून वर बघत होते आणि रावजी कढईकडे पाठ करून, एका पायाने ताल धरत, त्यांना हिंदीतून विंचवाची नांगी समजावत होता. मी एक प्लेट भजी मागवली. गार होती.